नेवाशाच्या भाकरी आणि चॉक्टॉंचे 170 डॉलर

2025 च्या सप्टेंबरात शेवगाव, पाथर्डी आणि खाली सीनाकाठच्या गावांत पाणी शिरलं, तेव्हा नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावच्या मंडळीने तिकडे भाकरी पाठवल्या. मंडळी म्हणजे गावातले ख्रिस्ती लोक आणि त्यांचं चर्च. नगरकडे आम्ही असंच बोलतो. घरं फार नाहीत. कुणाची एक-दीड एकर जमीन, कुणाची तेवढीही नाही. ऊसतोडीला जायचं नाहीतर रोजंदारीवर. त्या पावसात त्यांचाही कापूस काळा पडला होता, कांद्याचं रोप सडलं होतं. तरी बायकांनी घरोघर फिरून ज्वारी-बाजरीचं पीठ जमवलं, चर्चमागच्या पडवीत चुली मांडल्या, रात्रभर भाकरी थापल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली आणि पहाटे टेम्पो रवाना केला. माझी थोरली काकू त्यांत होती. गुडघे धरलेले असताना ती रात्रभर चुलीपुढे बसली म्हणून मी फोनवर जरा रागावले, तर म्हणाली, "अगं, त्यांच्या चुलीच वाहून गेल्या. आपली पेटतीय ना अजून."

टेम्पोचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला आणि तासाभरात पहिला प्रश्न आला: भाकरीबरोबर पुस्तक पण दिलं का? पाठोपाठ दुसऱ्याने लिहिलं की तांदळाच्या गोणीवर धर्म बदललेले आता दुसऱ्यांना भाकरी दाखवायला निघालेत. हे टोमणे आम्ही शाळेपासून ऐकत आलोय. मला जास्त लागला तो तिसरा मेसेज, आणि तो आमच्याच मंडळीतल्या एका शिकल्यासवरल्या पोराचा होता: "आपल्याच लोकांचं पीक गेलंय, पंचनामे व्हायचेत, आधी आपलं बघा."

मी आयर्लंडमध्ये कॉर्क परगण्यात राहते, नर्सचं काम करते. "आधी आपलं बघा" हे वाक्य इथे मी रोज ऐकते, त्यामुळे त्या पोराचा मेसेज वाचून मला गाव आणि कॉर्क एकाच रस्त्यावर असल्यासारखं वाटलं. इथली घरांची टंचाई खरी आहे. चांगल्या पगाराच्या माणसाचाही निम्मा पगार भाड्यात जातो, लग्नाला आलेली मुलं आईबापाच्या घरात अडकून पडलीत. त्यात 2022 पासून युक्रेनमधून एक लाखाहून जास्त माणसं आली, शिवाय इतर देशांतून आसरा मागायला येणारे. त्यांना हॉटेलांत, सभागृहांत, बंद पडलेल्या कॉन्व्हेंटांत ठेवलं गेलं. मग गावोगाव फलक लागले की देश भरला आहे, आधी आयरिश माणसाला घर द्या. 2023 च्या नोव्हेंबरात डब्लिनमध्ये दंगल झाली. 2025 च्या उन्हाळ्यात भारतीयांवर हल्ले झाले, आणि आम्ही हॉस्पिटलात काम करणाऱ्या बायका रात्रपाळी संपवून घरी निघताना एकमेकींना फोन लावून ठेवायला लागलो. तेव्हा हा वाद मी कोरड्या पायांनी पाहत नाही. "आधी आपलं" म्हणणाऱ्यांच्या हिशेबात मी दुसऱ्यांमध्ये मोडते.

पण याच देशात मी दुसरंही बघते. माझ्या शेजारी एक आजी राहतात. पेन्शनवर घर चालतं. तेलाचा भाव वाढल्यापासून हीटर फक्त संध्याकाळी दोन तास लावतात, एरवी अंगावर शाल. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे, चाळीस दिवस आले की त्यांच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत पुठ्ठ्याची एक छोटी पेटी येते. त्रोकरे नावाच्या संस्थेची ती पेटी. इथल्या कॅथॉलिक बिशपांनी 1973 साली ही संस्था काढली आणि तेव्हापासून दर लेंटला अशा पेट्या घराघरांत जातात, पैसे परदेशातल्या गरिबांना. आजी चहाबरोबरचं बिस्किट चाळीस दिवस सोडतात आणि त्या बिस्किटांचे पैसे पेटीत टाकतात. एकदा त्यांच्या मुलीने माझ्यासमोरच विचारलं की तुझंच भागत नाही, तू कशाला देतेस? आजींनी तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेलं नावच सोडून दिलंय. इथले लोक सांगतात की 1980 च्या दशकात, बेकारी भयंकर वाढलेली असताना आणि तरुण पोरं बोटीने देश सोडत असताना, इथियोपियाच्या दुष्काळासाठी माणशी सर्वात जास्त पैसा आयर्लंडने दिला. ही गोष्ट खरी आहे आणि त्यांना तिचा अभिमान आहे.

या सवयीच्या मुळाशी भूक आहे. 1845 ते 1852 या काळात बटाट्यावर करपा पडला. लाखो कुटुंबांचं सकाळ-संध्याकाळचं जेवण म्हणजे नुसता बटाटा, बाकी पीक जमीनदाराच्या खंडात जायचं. दहा लाख माणसं उपासमारीने आणि तापाने मेली, आणखी दहा लाखांनी देश सोडला. धान्य मात्र देशाबाहेर जातच होतं. लंडनमध्ये मदतीचा कारभार पाहणारा चार्ल्स ट्रेव्हेलियन हा अधिकारी नेमाने प्रार्थना करणारा माणूस. त्याने 1848 साली लिहिलं की या संकटामागे दयाळू देवाची योजना आहे. (पुढे हाच माणूस मद्रासचा गव्हर्नर झाला.) ख्रिस्ती म्हणवणाऱ्या माणसाने भुकेल्याकडे बघून असं लिहावं, याचा मला ख्रिस्ती म्हणून आजही संताप येतो, आणि हा संताप आपण बोलून दाखवला पाहिजे असं मला वाटतं.

कॉर्क शहराच्या पूर्वेला मिडल्टन नावाचं गाव आहे. तिथल्या बागेत स्टेनलेस स्टीलची नऊ उंच पिसं गोलात उभी आहेत, प्रत्येक पीस वीस फुटांचं, वरची टोकं आतल्या बाजूला झुकलेली. ही पिसं अमेरिकेतल्या चॉक्टॉ या आदिवासी जमातीच्या लोकांच्या आठवणीसाठी आहेत. 1830 साली चॉक्टॉंना करारावर सह्या करायला लावून मिसिसिपीतली त्यांची जमीन सोडायला भाग पाडलं गेलं. 1831 च्या थंडीत पहिल्या तुकड्या निघाल्या. बर्फ, पूर, पटकी. पुढच्या दोन-तीन वर्षांत वाटेवर आणि नव्या जागी हजारो माणसं गेली. या घटनेला जेमतेम सोळा वर्षं होत होती. नव्या मुलखात घरं धड उभी राहिलेली नाहीत, अशा वेळी 23 मार्च 1847 ला स्कलिव्हिल इथे सभा झाली. गमावलेल्या जमिनीच्या बदल्यातले पैसे सरकार ज्या ठिकाणी वाटत असे, तेच हे ठिकाण. सभेत आयर्लंडच्या भुकेचं पत्रक वाचलं गेलं आणि 170 डॉलर जमले. देणाऱ्यांत सरकारी एजंट, व्यापारी, मिशनरी होते, आणि त्या वेळच्या बातमीप्रमाणे मोठा वाटा चॉक्टॉंचा होता. ज्यांनी समुद्र पाहिला नव्हता त्यांनी समुद्रापलीकडच्या, नाव-गाव माहीत नसलेल्या माणसांसाठी पैसे काढले.

चॉक्टॉंतले सगळे देणारे ख्रिस्ती होते असं मी म्हणणार नाही. त्यांच्यात तेव्हा चर्चला जाणारेही होते आणि न जाणारेही. पण सभेमागे मिशनची हवा होती आणि तिथेच मला माझं नगर सापडलं. बोस्टनच्या अमेरिकन बोर्ड या ज्या मिशनरी संस्थेचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट 1813 मध्ये मुंबईला पोचले आणि आमचं अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं, त्याच बोर्डाने 1818 मध्ये सायरस किंग्सबरीला चॉक्टॉंकडे पाठवलं होतं. नगरला या मिशनचं ठाणं पडलं 1831 च्या अखेरीस, म्हणजे चॉक्टॉ ज्या थंडीत चालत होते त्याच थंडीत. त्याच बोर्डाचा सॅम्युअल वूस्टर शेजारच्या चेरोकी लोकांची बाजू घेतल्याबद्दल जॉर्जियाच्या तुरुंगात गेला. माझ्या पणजोबांनी ज्या मिशनच्या शाळेत बाराखडी गिरवली, त्या मिशनचे भाऊबंद तिकडे असे वागत होते, हे मला इथे कॉर्कमध्ये येऊन कळलं. चॉक्टॉंमधली शाळा आणि नगरमधली शाळा एकाच वार्षिक अहवालात येत असे.

आयरिश लोक हे 170 डॉलर विसरले नाहीत. 2017 मध्ये मिडल्टनची पिसं समारंभाने अर्पण झाली तेव्हा चॉक्टॉंचे प्रमुख आले होते. 2018 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर ओक्लाहोमाला जाऊन शिष्यवृत्ती जाहीर करून आले. वराडकरांचे वडील मुंबईचे, मूळ गाव मालवणजवळचं वराड, तेव्हा या परतफेडीत कोकणाचाही धागा आहे. 2020 मध्ये कोविडने नवाहो आणि होपी या जमातींना झोडपलं तेव्हा हजारो आयरिश माणसांनी पाच-दहा युरो करून पैसे पाठवले आणि शेजारी कारण लिहिलं: 1847. चॉक्टॉ वेगळे, नवाहो वेगळे, हे त्यांना ठाऊक होतं. परतफेड त्याच दाराशी करायला हवी असं त्यांना वाटलं नाही.

आता टोमण्याकडे येते, कारण तो खोटा म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही. इथे अजून कुणाला खिजवायचं असेल तर "त्यांच्या आज्याने सूप घेतलं होतं" असं म्हणतात. दुष्काळात काही प्रॉटेस्टंट मिशनांनी सूप वाटताना अट घातली: आधी बायबलच्या वर्गाला बसा, कॅथॉलिक धर्म सोडा. पोटासाठी ज्यांनी ती अट मानली त्यांच्या नातवंडा-पतवंडांनाही गावाने माफ केलं नाही. आपल्याकडच्या तांदळाच्या गोणीचा हा सख्खा भाऊ.

कॉर्कच्या पश्चिम टोकाला स्कल नावाचं बंदर आहे, तिथून पुढे काही मैलांवर टूरमोर. 1847 मध्ये या दोन ठिकाणी दोन प्रॉटेस्टंट धर्मगुरू होते. स्कलचे रॉबर्ट ट्रेल दुष्काळाआधी कॅथॉलिकांवर कडाडून टीका करणारे होते. भूक आली तशी त्यांनी सूपची चूल पेटवली आणि येणाऱ्याचा धर्म विचारायचं सोडून दिलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दुष्काळी तापाने ते गेले. टूरमोरला विल्यम फिशर होते. त्यांनी मदतीच्या पैशातून एक दगडी चर्च बांधायला काढलं, जास्तीत जास्त हातांना काम मिळावं म्हणून घोडे-गाड्या वापरायच्या नाहीत असा नियम केला. त्या चर्चचं आयरिश नाव आहे गरिबांचं चर्च, आणि ते आजही रस्त्याकडेला उभं आहे. काम मिळालेल्यांपैकी पुष्कळजण प्रॉटेस्टंट झाले. फिशर म्हणत, मी कुणावर अट घातली नाही. कॅथॉलिक शेजारी म्हणत, पोट रिकामं असताना अट बोलून दाखवायची गरज नसते. दीडशेहून जास्त वर्षं झाली, हा वाद मिटलेला नाही.

एका सुट्टीत मी त्या चर्चमध्ये जाऊन बसले होते. फिशर लबाड होते असं मला वाटत नाही. ते स्वतःही तापाने आजारी पडून उठले होते. पण त्यांचे शेजारी जे म्हणत होते तेही मला खरं वाटतं. देणाऱ्याचं पोट भरलेलं आणि घेणाऱ्याचं रिकामं असेल, तर मध्ये एक उतार तयार होतो आणि देणाऱ्याच्या मनात नसलं तरी घेणारा त्या उतारावरून घसरतो. क्वेकर या छोट्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी हे ओळखलं होतं. 1846 च्या नोव्हेंबरात त्यांनी डब्लिनमध्ये समिती काढली, कढया दिल्या, बियाणं दिलं, मासेमारांना गहाण पडलेली जाळी सोडवून दिली, आणि धर्माबद्दल अक्षर काढलं नाही. त्यांचं नाव आज इथला कट्टर कॅथॉलिकही आदराने घेतो.

नगर जिल्ह्यात 1876-78 च्या आणि नंतर 1896 ते 1900 च्या दुष्काळांमागून बाप्तिस्मे वाढले, हे आमच्याच जुन्या मिशनच्या कागदांत आहे. कामाच्या शोधात, धान्याच्या आशेने, मिशनरी साहेब मामलेदाराकडे शब्द टाकेल या भरवशावर माणसं आली. आणि विहिरीवर पाणी भरू न देणाऱ्या गावाला कंटाळूनही आली, हे टोमणा मारणारे सोईस्कर विसरतात. यातलं एकही कारण मला लाजिरवाणं वाटत नाही. आमच्या पणज्यांना उपाशी ठेवणाऱ्या गावाने त्यांनी भाकर कुणाच्या हातून घेतली यावर बोलावं, हा न्याय मला कळत नाही. पण मिशनच्या बाजूने कुणी धान्याच्या बदल्यात नाव लिहून घेतलं असेल, तर ते पाप होतं, आणि ते आम्ही ख्रिस्ती लोकांनी सगळ्यात आधी म्हटलं पाहिजे.

लोभाने धर्म बदलला या आरोपाला एक साधा कायदेशीर जबाब आहे, तोही कुणी ग्रुपवर लिहिला नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो आजही नाही. म्हणजे आमच्या घरांनी चर्चच्या वहीत नाव कायम ठेवलं तेव्हा अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती, नोकरीतली जागा, ग्रामपंचायतीची राखीव जागा हे सगळं सोडलं. पंचाहत्तर वर्षं दर पिढीने ते सोडलंय. कसला लोभ?

भारतात धर्मांतरविरोधी कायद्यांचा जोर वाढतोय. ओडिशाने 1967 मध्ये पहिला कायदा केला, पुढे एकेक राज्य. उत्तर प्रदेशच्या 2021 च्या कायद्यात प्रलोभनाच्या व्याख्येत भेटवस्तू तर आहेच, धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतलं मोफत शिक्षणही आहे. महाराष्ट्रातही या प्रश्नावरून जोरात वाद चालू आहे. जबरदस्ती आणि फसवणूक यांविरुद्ध कायदा असू नये असं कुणीच म्हणणार नाही. पण पुरात वाहून गेलेल्या घरापुढे भाकरी ठेवली तर ती भेटवस्तू ठरते का, हे फौजदाराने ठरवायचं, अशी वेळ आली तर माझी काकू चूल पेटवताना दहा वेळा विचार करेल. तोटा कुणाचा होईल? शेवगावच्या माणसाला त्या दिवशी भाकर मिळणार नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मी मुद्दाम आणतेय, कारण त्या दोन्हीकडच्यांना अवघड जातात. 1874 च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात रमाबाईंचे वडील, आई आणि बहीण काही महिन्यांच्या अंतराने उपासमारीने गेले. त्या आणि भाऊ श्रीनिवास जंगलातली पानं-फळं खाऊन जगले, पायी देश फिरत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले. दोन वर्षांनी भाऊही गेला. पुढे नवरा गेला, पदरात लहान मुलगी. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा पुण्यातली त्यांची शारदासदन संस्था बदनामीच्या वादळातून जेमतेम सावरत होती, हाताशी पैसा नव्हता, आणि पुण्यात प्लेग शिरत होता. त्या नर्मदाकाठी गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या माळावर तंबू ठोकले, विहिरी खोदल्या. 1900 मध्ये गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावच्या या मुक्ती मिशनमध्ये दोन हजारांच्या आसपास माणसं जेवत होती. स्वतः भूक पाहिलेल्या बाईने भुकेच्या दारात जाऊन माणसं वेचली.

मुक्तीतल्या बहुतेक मुली ख्रिस्ती वातावरणात वाढल्या आणि ख्रिस्ती झाल्या, हेही खरं. अनाथ पोर ज्या घरात वाढतं त्या घरासारखं होतं. ते पूर्ण स्वतंत्रपणे निवडतं असं मी म्हणू शकत नाही. रमाबाईंच्या टीकाकारांचा हा मुद्दा मला आजही सुटलेला वाटत नाही. पण त्या टीकाकारांपैकी नर्मदाकाठच्या छावण्यांत किती जण गेले, हा प्रश्नही तसाच उभा आहे. त्या छावण्यांत एकट्या मुलींचं काय होत होतं ते रमाबाईंनी लिहून ठेवलंय. ते वाचल्यावर "आधी धर्माचं काय" असं मला विचारवत नाही.

आता आमच्या त्या शिकलेल्या पोराला, कारण त्याचं म्हणणं बाकीच्यांपेक्षा प्रामाणिक आहे. बायबलमध्ये पौल प्रेषिताने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय त्याने पुन्हा वाचावा. मासेदोनियातल्या, म्हणजे फिलिप्पै आणि थेस्सलनीकाच्या मंडळ्या अत्यंत गरीब होत्या, छळ सोसत होत्या, आणि यरुशलेमातल्या गरिबांसाठी वर्गणीत आम्हालाही घ्या म्हणून पौलाच्या मागे लागल्या होत्या. पौलाने त्यांना गळ घातली नव्हती, त्यांनीच पौलाला घातली. आणि त्याच अध्यायात पुढे पौल स्पष्ट लिहितो की दुसऱ्यांना सुख आणि तुम्हाला ओझं व्हावं असं माझं म्हणणं नाही, समानता व्हावी. आज तुमच्याकडे आहे ते त्यांच्या उणिवेला, उद्या त्यांच्याकडे असेल ते तुमच्या उणिवेला. आपलं बघायचंच नाही असं पौल म्हणत नाही. पण आपलं पुरतं आवरलं की मग दुसऱ्याचं बघू, असा क्रम त्याने लावलेला नाही, कारण गरिबाचं आवरणं कधी पुरं होत नाही. काकूच्या गावात पंचनामे झाल्यावर भाकरी थापायच्या म्हटल्या असत्या तर पूरग्रस्तांनी तोपर्यंत काय खायचं होतं?

हे लिहिताना एक भीती वाटते, तीही लिहून टाकते. गरिबाच्या दानाचं कौतुक करणं फार सोपं आणि फार धोक्याचं आहे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात दरिद्री विधवा मंदिराच्या भांडारात दोन टोल्या, म्हणजे अगदी लहान नाणी, टाकते, ती गोष्ट प्रत्येक मराठी पाळक वर्षातून एकदा तरी सांगतो. तिच्या आधीच्या दोन-तीन ओळी मात्र फार थोडे वाचून दाखवतात. तिथे येशू शास्त्र्यांवर चिडून म्हणतो की हे लोक विधवांची घरं गिळतात. ती विधवा त्यानंतर लगेचच येते. अलीकडे नगर, पुणे, मुंबईत मोठमोठ्या सभा भरवणारे उपदेशक धुणीभांडी करणाऱ्या बायकांना सांगतात की दशांश द्या, कर्ज फिटेल. बी पेरा, आशीर्वाद उगवेल. गेल्या वर्षी माझ्या एका आत्येबहिणीने बचतगटाचे पैसे अशा सभेत दिले. हप्ता थकला तेव्हा तिला सांगण्यात आलं की तुझा विश्वास कमी पडला. ग्रुपवर या उपदेशकांविरुद्ध आम्ही एक अक्षर लिहीत नाही आणि तांदळाच्या टोमण्यावर मात्र तुटून पडतो. मला हा आपला दुबळेपणा वाटतो. गरिबाने स्वतःहून दिलं ते दान. त्याच्या भीतीचा फायदा घेऊन काढलेला पैसा टूरमोरच्या चर्चपेक्षाही वाईट, कारण तिथे निदान बदल्यात मजुरी तरी मिळत होती.

परदेशात राहणाऱ्या आम्हा लोकांची जबाबदारी यात वेगळी आहे. आमचं देणं बहुतेक वेळा उरलेल्यातलं असतं. पगार झाला, भाडं गेलं, घरी पाठवलं, मग थोडं चर्चच्या नावाने. अशा देण्याला सोय लागते, पावती लागते, फोटो लागतो, दगडावर नाव लागतं. गावच्या चर्चच्या भिंतीवर परदेशी भावाबहिणींच्या देणगीच्या फरशा वाढत चालल्यात आणि खाली बसणाऱ्या बायकांना वाटतं की आता आपल्या पसाभर पिठाला काय किंमत. परदेशातून येणाऱ्या पैशाकडे आज सरकारही संशयाने बघतं. परकीय देणगीचा कायदा 2020 मध्ये आणखी आवळला गेला. त्याची तक्रार मी इथे करत नाही. संशय घ्यायला जागाच ठेवू नये एवढं आपल्या हातात आहे.

कॉर्क आणि डब्लिनमधली आम्ही काही मराठी ख्रिस्ती कुटुंबं महिन्यातून एकदा एखाद्या घरी उपासनेला जमतो. नाताळच्या अर्पणाचं काय करायचं हे ठरवायला बसू तेव्हा मी चार गोष्टी मांडणार आहे. आपापल्या घरच्यांकडून ते पैसे गावात पोचावेत आणि चारा, बियाणं, वह्या यांसाठी शाळा किंवा ग्रामपंचायतीतून वाटले जावेत. यादीत ख्रिस्ती घरं आणि बाकीची घरं गरजेप्रमाणे यावीत. हिशेब चावडीवर लागावा, रुपयासकट. आणि फोटो नको, फरशी नको, वाटपाच्या जागी प्रार्थनाही नको. प्रार्थना आपण इथे आधी करून घेऊ. काही जणांना शेवटची अट पटणार नाही, त्यांच्याशी वाद होईल, तो मी घालणार आहे. शेजारच्या आजींना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, पेटी रिकामी करायची वेळ आली की मला हाक मार, माझ्या बिस्किटांचे पैसे या वर्षी तुझ्या गावाला घे.